तासगावचं गोपुर आणि दंडावरचं होकायंत्र

तासगाव म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? द्राक्षं. मग बेदाणे. आणि सांगली-मिरजेकडचे असाल तर गणपतीचा रथ. टॅटू तर नक्कीच नाही! मलाही नसता आठवला. पण गेल्या रथोत्सवाला गावी गेले आणि दोन दिवस घरात, गल्लीत, पारावर दुसरा विषयच नव्हता.

पुण्याहून रात्रीची बस धरली की सकाळी डोळे चोळत सांगलीत उतरायचं, स्टँडवर चहा मारायचा आणि तासगावची एसटी पकडायची. पंचवीसेक किलोमीटर. खिडकीतून आधी ऊस दिसतो, मग हळूहळू द्राक्षांचे मांडव सुरू होतात आणि मध्येच हिरव्या जाळीच्या बेदाण्याच्या शेड. आपण ऑफिसच्या पँट्रीत मूठभर बेदाणे तोंडात टाकतो ना, ते इथल्या रॅकवर वाळून आलेले असण्याचे चान्सेस बरेच आहेत. इथली एक फेमस द्राक्षाची जात आहे, तास-ए-गणेश. तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसच्या बागेत वेगळा वाटणारा वेल हेरला, वाढवला आणि त्याला गावाचं आणि गणपतीचं नाव मिळालं. आता गंमत बघा, थॉम्पसन हे नाव कॅलिफोर्नियातल्या एका शेतकऱ्याचं आणि वेल मूळचा इराण-तुर्कस्तानकडचा. पण तासगावात कुणाला सांगून बघा की हे द्राक्ष बाहेरचं आहे. मार खाल!

बाहेरचं आणून आपलं करायची या गावाची खोड तशी जुनीच. एसटीतून उतरून गावात शिरलं की समोर सात मजली गोपुर उभं. पहिल्यांदा येणारा दचकतोच, की आपण महाराष्ट्रात आहोत की तमिळनाडूत? परशुरामभाऊ पटवर्धन हे पेशवाईतले बडे सरदार. कर्नाटक-म्हैसूरच्या मोहिमांत त्यांनी तिकडची देवळं पाहिली आणि आपल्या गावच्या गणपतीलाही तसंच गोपुर हवं असं मनावर घेतलं. बांधकाम १७७९ मध्ये सुरू झालं आणि १७९९ मध्ये पुरं झालं. गणपती उजव्या सोंडेचा. हा १७९९ आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथला उत्सव दीड दिवसाचा. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी रथ निघतो. इंजिन नाही, बैल नाहीत. जाडजूड दोर आणि त्याला लागलेले हजारो हात, बस्स. रथ काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत जातो आणि परत येतो. सव्वादोनशेहून जास्त वर्षं हे चाललंय. गुलालात न्हालेल्या त्या हातांकडे बघताना मला पहिल्यांदा जाणवलं की दर तिसऱ्या-चौथ्या हातावर काहीतरी आहे. त्रिशूळ. डमरू. ‘आई-बाबा’. सिंह. राजमुद्रा. एकाच्या मनगटावर चक्क बारकोड! आणि मध्येच, नीट बघितलं तर दोन-तीन दंडांवर, एका मध्यातून फुटलेल्या आठ दांड्या, प्रत्येक दांडीचं टोक वेगळं. कुठं त्रिशुळासारखं, कुठं अर्धगोल, कुठं शिडीसारखं.

‘हे काय रे?’ मी चुलतभावाला विचारलं. त्यानं असं बघितलं की जणू मी मोबाइल म्हणजे काय असं विचारलंय.

‘ताई, वेगवीसिर हाय ते. वायकिंग लोकांचं होकायंत्र. हजार वर्षं जुनं. हे अंगावर असलं की माणूस वाट चुकत न्हाई.’

भाऊ एकोणीस वर्षांचा. सैन्यभरतीची तयारी करतोय. पहाटे पाचला रस्त्यावर पळतो, आणि रात्री मोबाइलवर वायकिंग बघतो. ‘वायकिंग्ज’ ही सिरीज २०१३ ते २०२० चालली, २०१८ मध्ये ‘गॉड ऑफ वॉर’ या गेमचा हिरो थेट उत्तरेकडच्या देवांच्या मुलखात पोचला, २०२० मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ वाल्यांनी ‘वल्हाला’ काढला. झालं! दाढ्या आल्या, वेण्या आल्या, टॅटू आले. सांगलीतल्या एका स्टुडिओत भावानं पाचशे रुपये अ‍ॅडव्हान्स पण देऊन ठेवला होता. उजव्या दंडावर, खांद्यापासून कोपरापर्यंत वेगवीसिर. डिझाइन मोबाइलमध्ये तयार.

आता मी ज्या कंपनीत आहे तिथं माझं कामच मुळी डेटा तपासायचं. ‘हजार वर्षं’ म्हटल्यावर हात शिवशिवले.

तर मंडळी, वेगवीसिरचा फंडा असा. हे चिन्ह सापडतं ते आइसलँडमधल्या ‘हुल्द’ नावाच्या एका हस्तलिखितात. दगडावर नाही, तलवारीवर नाही, जहाजावर तर नाहीच. साध्या कागदावर. गेइर विग्फुसॉन नावाच्या गृहस्थांनी ते हस्तलिखित तयार केलं १८६० साली. त्यात चिन्हाखाली एवढाच मजकूर आहे की हे जवळ बाळगणारा वादळात, वाईट हवेत वाट चुकणार नाही, रस्ता ओळखीचा नसला तरी. वायकिंग काळ साधारण १०६६ च्या आसपास संपला असं धरतात. म्हणजे मधे आठशे वर्षांची खिंड! अशा चिन्हांचे जे जुने वाडे आहेत ते वायकिंगांपेक्षा युरोपातल्या मंत्रतंत्राच्या पोथ्यांशी जास्त नातं सांगतात, ज्यात राजा सॉलोमनच्या नावानं ताईत काढायची पद्धत होती. आणि टॅटूत त्याच्याभोवती जो अक्षरांचा गोल असतो, तो तर त्या कागदावरही नाही. तो आपल्या काळातल्या कुठल्यातरी डिझायनरचा.

आता तो आकडा काढा बाहेर. १७९९. हे वायकिंग होकायंत्र कागदावर उमटलं त्याच्या साठ वर्षं आधी तासगावचं गोपुर उभं होतं!

भावाला हे मी गोपुराखालीच सांगितलं. त्यानं एकदा वर बघितलं, एकदा मोबाइलकडे. ‘म्हंजे फेक हाय?’

फेक कसं म्हणणार? १८६० मध्येही कुणाला तरी वादळात घरी पोचायचं होतंच की. फक्त रॅग्नार लोथब्रोकच्या दंडावर ते नव्हतं, एवढंच. मग मी त्याला बाकीचा माल पण तपासून दिला, आता बसलेच होते तर. थोरचा हातोडा, म्योल्निर? शंभर टक्के ओरिजिनल. त्या काळात लोक तो गळ्यात घालायचे, आजवर हजारभर सापडलेत. २०१४ मध्ये डेन्मार्कमध्ये एक दहाव्या शतकातला सापडला, त्यावर रूनी अक्षरांत चक्क लिहिलंय, ‘हा हातोडा आहे’. (मला हा माणूस भयंकर आवडलेला आहे. आपल्याकडे देवळाबाहेर ‘देऊळ’ लिहितात तसला.) एकमेकांत अडकलेले तीन त्रिकोण, ज्याला वाल्कनुत म्हणतात? आकार खरा, स्वीडनजवळच्या गॉटलंड बेटावरच्या चित्रशिळांवर कोरलेला आहे. पण नाव अलीकडचं, आणि त्याचा अर्थ त्या काळात कुणी लिहूनच ठेवलेला नाही. त्यामुळे साइटवर जो ठणठणीत अर्थ वाचाल तो अंदाज समजा.

रूनी लिपीत स्वतःचं नाव काढणारे तर वेगळेच. बहुतेक डिझाइनमध्ये चोवीस अक्षरांची जुनी रूनमाला असते. वायकिंग काळ येईतो ती मागे पडून सोळा अक्षरांची नवी आली होती. म्हणजे शिवकालीन पत्र म्हणून कुणी ब्राह्मीत मजकूर लिहावा तशातली गत! आपल्याकडे मोडी होती ना तेव्हा? आणि एक सिरियस सूचना, ऑनसाइटची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी. विजेसारखं दिसणारं एक रून आहे. ते शेजारीशेजारी दोनदा काढलं की हिटलरच्या एसएसचं चिन्ह होतं आणि जर्मनीत ते मिरवणं हा गुन्हा आहे. स्वस्तिकाचं तर काय सांगायचं. डेन्मार्कच्या स्नोल्डेलेव्हच्या नवव्या शतकातल्या शिळेवर एकमेकांत गुंफलेली तीन शिंगं आहेत आणि शेजारी स्वस्तिक. अगदी आपल्या उंबऱ्यावर असतं तसं. पण फ्रँकफर्टच्या ट्राममध्ये तुमची बाही वर गेली, तर समोरचा नववं शतक वाचणार नाही.

मुळात वायकिंग टॅटू काढायचे का? याचा एकच बघितलेला पुरावा सांगतात, आणि तो देणारा माणूस बगदादचा. इब्न फदलान, खलिफाचा दूत. ९२२ च्या सुमाराला व्होल्गा नदीकाठी त्याला उत्तरेकडचे व्यापारी भेटले आणि त्यानं लिहून ठेवलं की बोटांच्या टोकांपासून मानेपर्यंत यांच्या अंगावर झाडं आणि आकृत्या आहेत. कुठली झाडं, कसल्या आकृत्या? त्यानं चित्र काढलं नाही. सगळा धंदा त्या न काढलेल्या चित्रावर चाललाय, यार!

‘मग राजमुद्रा काढतो,’ भाऊ म्हणाला. ‘ती तरी ओरिजिनल हाय का न्हाई?’

आहेच. अष्टकोनी, आणि ज्या काळात शिक्के फारसीत असत त्या काळात संस्कृत. ती उमटलेलं सर्वांत जुनं उपलब्ध पत्र २८ जानेवारी १६४६ चं. रांझ्याच्या पाटलानं बाईवर अत्याचार केला, त्याला शिक्षा दिल्याचं. २०२२ मध्ये नौदलाचा नवा झेंडा आला, त्यातला अष्टकोनही याच मुद्रेवरून घेतलाय. पण मुद्रा पत्राच्या माथ्यावर उमटायची, हुकूम खरा आहे हे सांगायला. पत्र संपलं की खाली दुसरी छोटी मुद्रा, ‘मर्यादेयं विराजते’. इथं मजकूर संपला, यापुढे कुणी काही घुसडू नये, म्हणून. दंडावर माथ्याची मुद्रा मिरवणारे ढिगानं बघितलेत, पण ही मर्यादेची काढून घेतलेला एकही अजून दिसलेला नाही. कुणी असेल तर त्याला माझ्यातर्फे एक कटिंग.

घरी आलो तर आजी सोप्यात बसलेली. आमचं घर तासगावपासून चार किलोमीटरवर, वस्तीवर. आजी ऐंशीच्या पुढची, नक्की वय कुणालाच माहीत नाही. कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये हिरवा ठिपका, हनुवटीवर एक, आणि डाव्या हातावर कोपराखाली तुळस, तिच्याखाली नऊ ठिपक्यांची ओळ आणि शेवटी विंचू. लहानपणापासून हे बघत आलेय मी, पण कधी वाचलं नव्हतं. म्हणजे बघितलं होतं, जसं आपण ऑफिसच्या लॉबीतलं पेंटिंग बघतो.

‘आजी, हे कुणी काढलं गं?’

‘गोंदणारीण आलती की. टोपली घिऊन दारात बसायची. मी आसंन नवा-धा वर्षांची. दोगी भनी हातावर बसल्या माज्या, हलू नगं म्हनून. मी बोंबलत हुते.’

फिरस्त्या जमातींतल्या बायका गावोगाव हे काम करत फिरायच्या. दिव्याची काजळी, त्यात झाडपाल्याचा रस नाहीतर बाळंतिणीचं दूध, आणि दोन-चार सुया एकत्र बांधलेल्या. टोचून झालं की वर हळद. मजुरी म्हणून आजीच्या आईनं सुपातून जोंधळं दिलं होतं. काजळी काळी असते, मग आजीचं गोंदण हिरवं कसं? तर त्वचेच्या खालच्या थरात अडकलेला काळा कण वरच्या कातडीतून निळसर-हिरवा दिसतो. कातडीतल्या पेशी तो कण गिळतात, पचवू शकत नाहीत आणि धरून बसतात. पेशी मरते, तेव्हा दुसरी येऊन तोच कण पुन्हा गिळते. सत्तर वर्षं आजीच्या हातावर हे हस्तांतर चालू आहे! सांगलीच्या स्टुडिओतलं मशीनही शेवटी हेच करतं, फक्त एसीत आणि पॅकबंद सुईनं. (ही पॅकबंद सुई मात्र मस्ट. जत्रेतला एकाच सुईवर पन्नास गिऱ्हाइकं करतो, त्याच्यापासून लांब राहा. कावीळ बी, सी आणि एचआयव्ही, तिन्ही तिथून येऊ शकतात.)

‘आणि विंचू कशाला?’

‘इंचू चावू नये म्हनून.’

‘मग चावला नाही कधी?’

‘चावला की. दोनदा.’

एवढं बोलून आजी शेंगा फोडायला लागली. शेजारच्या चुलत आजीला विचारलं तर ती म्हणाली, चावण्याबिवण्याचं काही नाही, शोभेचं असतंय. तिच्या सुनेनं ऐकलेलं तिसरंच होतं, की विंचू म्हणजे खूप पोरंबाळं. एका ओसरीवर, एका विंचवाचे तीन अर्थ! मला तर लगेच चामुंडा आठवली. जुन्या मूर्तीत तिच्या खपाटीला गेलेल्या पोटावर विंचू कोरलेला असतो. केवढा मोह झाला सांगू? चामुंडेच्या पोटावरचा विंचू थेट आजीच्या हातावर, हजार वर्षांची अखंड परंपरा, हेडिंगसुद्धा डोक्यात तयार. पण मग मी तेच केलं असतं जे वेगवीसिरवाल्यांनी केलंय. मधल्या शतकांचा पुरावा कुठाय? गोंदण माणसाबरोबर जळतं. पोथी नाही, शिळा नाही, तारीख नाही. आजीचा विंचू कागदोपत्री १८६० च्या त्या आइसलँडी होकायंत्रापेक्षाही कच्चा आहे. कुठलाही इतिहासाचा मास्तर आजीला नापास करील.

आजीला त्याची पडलेली नाही. तिचं म्हणणं सरळ आहे. ‘सोनं हितंच ऱ्हातंय. पाटल्या सुना वाटून घेत्यात. ह्येच तेवढं वर संगं येतंय.’ ही समजूत महाराष्ट्रभर बायकांच्या तोंडी आहे. आणि विचार करा, जिच्या नावावर ना जमीन, ना घर, ना सात-बारा, तिला अंगावरची तेवढी एक गोष्ट आपली वाटते, जी कुणी काढून घेऊ शकत नाही. हा अर्थ मला एकाही टॅटू पार्लरच्या कॅटलॉगमध्ये सापडलेला नाही.

आईच्या हातावर मात्र काही नाही. एक ठिपका नाही. गोंदणारीण दारात आली तेव्हा ती माळ्यावर लपून बसली होती. शाळेत जाणाऱ्या मुलींनी असलं गावठी काही करायचं नाही, असं तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी ठरवलं होतं. मावशीनं तर लग्नात हनुवटीवरचा ठिपका पावडरनं लपवला होता म्हणे. त्या पिढीला दोष देण्यात पॉइंट नाही, त्यांना त्या हिरव्या ठिपक्यांबरोबर बरंच काही मागे टाकायचं होतं. पण झालं असं की गिऱ्हाईक गेलं, मग गोंदणारीण यायची थांबली. मधे एक कोरी पिढी आली. आणि आता तिच्या पुतण्याला अंगावर काहीतरी जुनं हवंय, तर तो गूगलवरून आइसलँडला जाऊन पोचला. आजी तीन फुटांवर बसलेली असताना!

भावानं मोबाइल आजीपुढे धरला. तिनं चष्मा लावून आठही दांड्या बोटानं मोजल्या.

‘रांगुळी हाय की रं ही. चांगली हाय. कुणी काडली?’

‘आइसलँडच्या मानसानं, आजे. बर्फात वाट चुकू नये म्हनून.’

‘आपल्याकडं बर्फ पडतंय व्हय?’ आणि मग एकदम, ‘भरतीत चालतंय का पर?’

सगळ्यांत कामाचा प्रश्न तिनं विचारला. कारण मी मारे आठशे वर्षांचा हिशोब मांडत बसले होते आणि हा मुद्दा कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. सैन्यभरतीचा नियम स्पष्ट आहे. कायमचा टॅटू चालतो फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या भागावर. दुसरीकडे कुठेही असला की मेडिकलला बाहेर. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे, बाकीच्यांना नाही. मग तो टॅटू वायकिंगांचा असो, महाराजांचा असो की विठोबाचा. सातारा-सांगलीकडची पोरं वर्षानुवर्षं पहाटे पळतात आणि असल्या चार इंचांवरून घरी येतात. दंडावरचं ते वाट न चुकू देणारं होकायंत्र भावाला थेट ग्राउंडच्या गेटबाहेर घेऊन गेलं असतं.

त्यानं तिथूनच स्टुडिओत फोन लावला. दंड कॅन्सल. पाचशे परत मिळणार नाहीत, पण डिझाइन बदलून मिळेल. आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, चार बोटांएवढं. काय काढणार ते विचारलं तर म्हणाला, भरती झाल्यावर सांगतो. परवाच्या फोनवर मात्र तो आजीला विचारत होता की तुळशीला पानं किती.

पुण्याला निघायच्या आदल्या रात्री मी आजीचा हात मांडीवर घेतला आणि बटर पेपर ठेवून पेन्सिलीनं सगळं उतरवून घेतलं. कातडी इतकी सैल झालीय की ओढून धरावी लागते, नाहीतर विंचवाची नांगी सुरकुतीत जाते. आजी मधेच झोपून गेली. तो कागद आता पुण्याच्या एका टॅटू आर्टिस्टकडे आहे. पोरगा चांगला आहे, स्टेन्सिल पाठवलाय आणि खाली मेसेज केलाय की ठिपक्यांची ओळ मी सरळ करून देऊ का, सातवा ठिपका खाली घसरलाय. आजीला फोन करून विचारलं. म्हणाली, तिथंच थोरलीचा गुडघा सुटला हुता नि म्या हात हिसडला. त्याला कळवलंय, सातवा आहे तिथंच राहू दे.